संहिता कुठे आहे? : रंगमंचावरील नक्कल आणि मराठी समीक्षेचे बहिरेपण

१

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे माझ्या एका विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी विषय मांडला. मुंबईतील ऑर्केस्ट्रा आणि रंगमंचीय नकलांची परंपरा, व तिचे एक प्रमुख प्रतिनिधी म्हणून जॉनी लिव्हर यांचे प्रयोग, हे त्याच्या अभ्यासाचे क्षेत्र होते. समितीने फारशी चर्चा केली नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी एवढेच विचारले, ‘‘यात संहिता कुठे आहे?’’ दुसऱ्यांनी पुस्ती जोडली, ‘‘आणि मराठी कुठे आहे?’’ विषय नामंजूर झाला. विद्यार्थ्याने पुढे एका ग्रामीण कादंबरीकारावर प्रबंध लिहिला. तो रीतसर स्वीकारला गेला. त्या कादंबरीकारावरचा तो पहिला प्रबंध नव्हता आणि शेवटचाही नसेल.

या नामंजुरीविषयी तक्रार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. समित्या येतात आणि जातात. मात्र ते दोन प्रश्न समितीचे नव्हते; ते आपल्या समीक्षाव्यवहाराचे प्रश्न होते. म्हणूनच त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. शिवाय एक कबुलीही द्यायला हवी. ज्या विषयाची मी मार्गदर्शक होते, तो विषय मी स्वतः कधी पाहिलेला नव्हता. जॉनी लिव्हर मला ठाऊक होते ते ‘बाज़ीगर’ (१९९३) पासूनच्या चित्रपटांतून. विषय फेटाळला गेल्यावर, काहीशा अपराधी भावनेने, मी त्यांचा प्रयोग प्रेक्षागृहात बसून पाहिला. पुढे जे लिहीत आहे ते त्या संध्याकाळने मला लिहायला भाग पाडले आहे.

२

पडद्यावर ज्याला पाहिले त्याला प्रत्यक्ष पाहायला जाणारा प्रेक्षक मनात पडदा घेऊनच जातो. फिलिप ऑस्लँडर यांनी ‘लाइव्हनेस’ (१९९९) या ग्रंथात दाखवून दिले आहे, की ‘प्रत्यक्ष’ ही कल्पनाच मुद्रणाच्या, ध्वनिचित्रणाच्या तंत्रानंतर अर्थपूर्ण झाली. ज्याचे चित्रण होऊ शकत नाही त्याला कोणी ‘प्रत्यक्ष’ म्हणत नाही. त्या दिवशी प्रेक्षागृहात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते, आणि समोर माणूस उभा असताना आमच्यापैकी अनेकजण, मीही, त्याचा चेहरा पडद्यावरच पाहत होतो. ऑस्लँडर यांचा मुद्दा सिद्ध झाला असे मला पहिली दहा मिनिटे वाटत होते.

नंतर तसे वाटेनासे झाले. एका गाजलेल्या नटाची नक्कल सुरू झाली. नाव सांगितलेले नव्हते, संवाद उच्चारलेला नव्हता. एक खांदा किंचित उतरला, मान वळली आणि दोन पावले टाकली गेली. प्रेक्षागृह हसले. पण सगळे एकदम हसले नाही. आधी मधल्या रांगांतून हशा उठला, मग तो मागे सरकला, आणि मागून परत येऊन शेवटी पुढच्या रांगांत पोहोचला. लिव्हर तोवर थांबले होते. पाऊल उचललेलेच होते. पुढची रांग हसल्यावरच ते पाऊल खाली आले, आणि त्याबरोबर दुसरा, पहिल्याहून मोठा हशा आला. हा दुसरा हशा नटाच्या चालीला नव्हता. उशिरा हसणाऱ्यांना नकलाकाराने पकडले होते, त्याला होता.

चित्रपटात हे घडू शकत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकातच सांगून ठेवले होते, की चित्रपटातील नट यंत्रापुढे अभिनय करतो, आणि प्रयोग चालू असताना प्रेक्षकाशी जुळवून घेण्याची रंगनटाला असलेली संधी तो गमावतो. पडद्यावरच्या जॉनी लिव्हर यांचा विराम संकलकाच्या हाती असतो. हशा किती लांबेल याचा अंदाज महिनोन्महिने आधी बांधून दृश्य कापलेले असते. अंदाज चुकला तर पुढचा संवाद हशात बुडतो, किंवा हशा संपल्यावर पडदा ओशाळवाणा रिकामा दिसतो. ‘दीवाना मस्ताना’ (१९९७) आणि ‘दूल्हे राजा’ (१९९८) या भूमिकांसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. पण त्या भूमिकांत आपण पाहतो तो कापलेल्या, मोजलेल्या वेळात बसवलेला नकलाकार होय. रंगमंचावर वेळ त्याची आहे, आणि ती तो प्रेक्षकांशी वाटून घेतो.

आता ‘संहिता कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर देता येईल. संहिता तिथेच आहे, पण तिच्या निम्म्या ओळी प्रेक्षक उच्चारतात. हशा हा संहितेवरचा अभिप्राय नाही. तो संहितेतील ओळ आहे, आणि तिच्यावाचून पुढची ओळ येऊ शकत नाही. फ्रॉइड यांनी विनोदावरील आपल्या ग्रंथात (१९०५) हेतुगर्भ विनोदाला तीन व्यक्ती लागतात असे म्हटले होते: बोलणारा, ज्याच्यावर बोलले जाते तो, आणि हसून विनोद पुरा करणारा तिसरा. आपण मराठी समीक्षक पहिल्याचा चरित्रात्मक अभ्यास करतो, दुसऱ्याचा समाजशास्त्रीय अभ्यास करतो. तिसरा मात्र आपल्याला दिसत नाही, कारण छापील पानावर तो हजर नसतो.

हे आक्षेपार्ह वाटेल त्यांना मी आपल्याच परंपरेतील एक उदाहरण देते. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नांवर उभे असे. बाबा विचारीत आणि जमाव उत्तर देई. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राही. त्या कीर्तनातून जमावाची उत्तरे गाळली तर काय उरेल? उपदेश उरेल, आणि तो उपदेश बाबांचा असणार नाही.

पद्धतीचा प्रश्नही मोठा नाही. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांकडून एकच गीत पुनःपुन्हा ऐकून नोंदवले, आणि ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये लॉर्ड यांनी निष्कर्ष काढला, की मौखिक रचनेत ‘मूळ’ संहिता नावाची गोष्ट नसते, प्रत्येक प्रयोग हाच मूळ असतो. माझा विद्यार्थी हेच करू पाहत होता: एकच नक्कल, वेगवेगळी प्रेक्षागृहे, वेगवेगळे विराम, आणि त्यांची तुलना. ज्या भाषेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, ज्या भाषेच्या विद्वानांनी पाठभेदांवर हयाती वेचल्या, त्या भाषेच्या विभागाला पाठभेदांचा अभ्यास अपरिचित वाटावा याचे आश्चर्य वाटते. फरक एवढाच, की इथे पाठभेद लेखनिकाच्या चुकीमुळे पडत नाहीत, श्रोत्यांमुळे पडतात.

३

तरीही प्रश्न खरोखर पद्धतीचा होता असे मला वाटत नाही. पद्धतीच्या आडून दुसरेच काही बोलले जात होते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांतील पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधम प्रकृतीचे. उत्तम माणूस स्मित करतो तेव्हा त्याचे दातही दिसत नाहीत. अधम माणसाच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो हातांनी कुशी दाबून धरतो. हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृती यांच्या ठायी अधिक आढळतो, असेही तिथे नमूद आहे. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांत पाणी होते आणि माझे हात कुशीवर होते. भरतमुनींच्या वर्गीकरणात मी दोन्ही कारणांनी बसत होते.

ही उतरंड जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप जिवंत आहे. शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ अशी विनोदाची जी त्रिविध वर्गवारी आपण पदवीच्या वर्गात शिकवतो, तिच्यात चढती पायरी गृहीत असते. स्वभावनिष्ठ विनोद श्रेष्ठ, कोटी त्याहून हलकी, आणि अंगविक्षेपातून होणारा विनोद तर वर्गवारीच्या बाहेरच. त्याची बोळवण ‘थिल्लर’ या एका शब्दात होते. न. चिं. केळकरांसारख्या मीमांसकाने विनोदाची तात्त्विक चर्चा गांभीर्याने केली, पण तिची उदाहरणे प्रायः वाङ्मयातील होती. कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’, गडकऱ्यांचे बाळकराम, चिं. वि. जोशींचे चिमणराव ही आपली विनोदपरंपरा, आणि ती वाचण्याची परंपरा आहे. वाचणारा एकटा असतो आणि एकटा माणूस बहुधा स्मितच करतो. अशा रीतीने मुद्रणसंस्कृतीने उत्तम प्रकृतीचे हास्य सर्वांचा मानदंड करून टाकले.

इथे पु. ल. देशपांडे यांचे नाव घेतले जाईल, आणि ते घेतलेच पाहिजे. ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली; आवाज, मुद्रा आणि लकबी यांतून एक अख्खी वस्ती साकारली. तो प्रयोग पाहिलेल्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. पण आमच्या समीक्षेने ‘बटाट्याची चाळ’ स्वीकारली ती पुस्तक म्हणून. प्रयोग हा पुस्तकाचा आविष्कार मानला गेला. राम नगरकरांची ‘रामनगरी’ आमच्या चर्चेत आली तीही छापील आत्मकथन म्हणूनच. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने पन्नासांहून अधिक पात्रे रंगवली; आम्ही त्याला विक्रम म्हटले आणि विक्रमांच्या नोंदवहीत ठेवून दिले. म्हणजे एकपात्री प्रयोगाला आमच्याकडे दोनच दारे आहेत: पुस्तक किंवा विक्रम. ज्याचे पुस्तक नाही त्याला तिसरे दार नाही.

जॉनी लिव्हर यांचे पुस्तक नाही. १९५७ मध्ये आंध्र प्रदेशातील कनिगिरी येथे जन्मलेले, मुंबईत धारावीत वाढलेले जॉन राव सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. त्यांनी रस्त्यावर पेने विकली, आणि ती विकताना नटांच्या नकला केल्या. नंतर ते हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामगार झाले, जिथे त्यांचे वडीलही काम करीत. पुढे ऑर्केस्ट्रा, कल्याणजी-आनंदजींसोबतचे दौरे, १९८० च्या दशकात घरोघरी वाजलेली ‘हँसी के हंगामे’ ही ध्वनिफीत, आणि ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) पासून चित्रपट. तेव्हा पडद्यावरचा विनोदवीर रंगमंचावर ‘आला’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो रंगमंचावरून पडद्यावर गेला होता आणि रंगमंचावर परत येत राहिला. आम्ही पडदा तेवढा पाहिला.

४

आतापर्यंतच्या विवेचनावर आपले काही मित्र खूश झाले असतील. त्यांची निराशा करणे भाग आहे.

पहिले मित्र देशीवादी आहेत. ते म्हणतील, हा तर आपला सोंगाड्या, आपला बहुरूपी; तमाशातील बतावणी आणि एकनाथांचे भारूड यांचाच हा वारस. संस्कृताभिमानी स्नेही आणखी मागे जातील आणि भाणाकडे बोट दाखवतील. भाणात एकच पात्र असते, ते आकाशभाषिताने अदृश्य माणसांशी बोलते, नगरात हिंडते आणि भेटणाऱ्यांची वाणी आपल्या मुखातून ऐकवते. ‘चतुर्भाणी’तील विट हेच करतो. साम्य खरे आहे, मलाही ते मोहवते. पण वंशावळ म्हणजे विश्लेषण नव्हे. भाणातील विट नागर, सुशिक्षित, उच्चभ्रू वर्तुळात वावरणारा आहे. शहर त्याच्या ओळखीचे आहे. धारावीतल्या तेलुगू ख्रिस्ती मुलाला शहराची ओळख करून घ्यावी लागली, ती शहराचे आवाज चोरून. पूर्वज सापडला की वारसाकडे पाहण्याची गरज संपते, अशी आपली एक सवय आहे. ती सवयही बहिरेपणाचाच प्रकार होय.

दुसरे मित्र बाख्तिनवादी आहेत. १९९० च्या दशकापासून आपल्याकडे ‘कार्निव्हल’ हा शब्द एवढा वापरला गेला, की कोणीही कुठेही मोठ्याने हसले की सत्ता उलथली असे मानले जाते. लिव्हर यांच्या नावाचीच कथा पाहावी. कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या. कामगार खूश झाले आणि त्यांनी या सहकाऱ्याला ‘जॉनी लिव्हर’ म्हणायला सुरुवात केली. जेम्स स्कॉट ज्याला सत्तेच्या पाठीमागे चालणारे छुपे बोलणे म्हणतात, ते इथे सत्तेच्या तोंडावर, तिच्याच व्यासपीठावरून बोलले गेले. हे बंड होय का? असेल. पण बंडाचे बक्षीस म्हणून बंडखोराला मिळाले ते कंपनीचे नाव, आणि ते त्याने आयुष्यभर मिरवले. साहेब हसले असतील, कारण नक्कल होण्याइतके आपण मोठे आहोत ही जाणीव सुखद असते. कामगार हसले, कारण साहेब एका क्षणापुरता त्यांच्यातल्याच एकाच्या देहात सापडला. एकाच हशात दोन परस्परविरोधी गोष्टी घडल्या. ‘विद्रोह’ हे लेबल लावले की त्यांतली एक गोष्ट दिसेनाशी होते, ‘थिल्लर’ हे लेबल लावले की दुसरी.

५

आता दुसरा प्रश्न : ‘मराठी कुठे आहे?’

प्रयोगाची भाषा हिंदी होती, हे खरे. ती मुंबईची हिंदी होती. प्रयोगाचा मोठा भाग मुंबईतल्या नाना समाजांच्या बोलण्याच्या ढबीने व्यापलेला होता. एकाच वाक्याला निरनिराळे सूर लागत गेले, आणि सुराबरोबर पाठीचा कणा, हातांची ठेवण, डोळ्यांची उघडझाप बदलत गेली. प्रेक्षागृहात ते सगळे समाज बसलेले होते. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकजण शेजाऱ्यावर हसत होता.

या नकलांत दाक्षिणात्य उच्चाराची नक्कल येते तेव्हा काय होते, याचा विचार करणे अवघड आहे, आणि म्हणूनच आवश्यक आहे. हिंदी चित्रपटाने ‘मद्रासी’ हे हास्यपात्र फार पूर्वी घडवले. ‘पडोसन’ (१९६८) मधील मेहमूद यांची भूमिका सर्वांना आठवत असेल. त्याच दशकाच्या उत्तरार्धात, १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यावर, मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध चळवळ उभी राहिली. तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळी हे सारे भेद पुसून ‘मद्रासी’ हा एकच शब्द शिवीसारखा वापरला गेला. तेव्हा जॉन राव नऊ-दहा वर्षांचे होते आणि याच शहरात तेलुगू घरात वाढत होते. मोठेपणी तेच ही ढब रंगमंचावर आणतात, आणि आपण हसतो. हा आत्मोपहास म्हणायचा, की शिवीचे हत्यार काढून घेऊन बोथट करणे म्हणायचे, की बहुसंख्याकांना जे ऐकायचे आहे ते त्यांना विकणे म्हणायचे? मला यांपैकी एकच उत्तर निवडता येत नाही. बेर्गसाँ यांनी ‘हास्य’ (१९००) या निबंधात म्हटले आहे, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. ही बधिरता कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हा प्रश्न बेर्गसाँ यांनी विचारला नव्हता. तो आपण विचारायला हवा. आपला उच्चारच दुखरा आहे अशी व्यक्ती प्रेक्षागृहात बसली असेल, तर तिचे हसणे आणि माझे हसणे एक नव्हे. हा विनोद निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. अभ्यास करा असे म्हणणे म्हणजे गौरव करा असे म्हणणे नव्हे.

यथावकाश आमची पाळी आली. मराठी माणसाचे हिंदी. तो ठसका, क्रियापदाशी अडणारे लिंग, वाक्याच्या शेवटी उगाचच येणारा तो ठामपणा. प्रेक्षागृह हसले. मीही हसले, पण माझ्या ध्यानात आले, की मी थोडी उशिरा हसले. त्याआधी सर्वांच्या वेळी मी वेळेवर हसत होते. त्या अर्ध्या क्षणात मी काय करीत होते? आजूबाजूला पाहत होते. कोण हसते आहे, किती हसते आहे, हे मोजत होते.

माझे उत्तर त्या अर्ध्या क्षणात आहे. मराठी तिथे होते. दुसऱ्याच्या तोंडी, दुसऱ्याच्या कानाने ऐकलेले. आपल्या कथा-कादंबऱ्यांत परभाषक पात्रे भरपूर आहेत, आणि त्यांच्या मोडक्या मराठीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या स्मित केले आहे; त्याला आपण ‘स्वभावनिष्ठ विनोद’ म्हणतो आणि त्याचे गुण देतो. ज्यांच्यावर आपण हसलो त्यांना आपण कसे ऐकू येतो, हे सांगणारे साहित्य आपल्यापाशी फारसे नाही. ते रंगमंचावर आहे, आणि ते समजून घेण्याचे काम मराठी विभागाखेरीज कोण करणार? हिंदी विभागाला हिंदी तुटल्याचे दुःख होईल. आपली कुठली ध्वनिव्यवस्था, कुठली वाक्यरचना त्या तुटीतून डोकावते, हे मराठीच्या अभ्यासकालाच कळू शकते.

६

पहिल्या प्रश्नापुरते समितीच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. प्रयोगाचे लेखन होऊ शकत नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. वर मी एका पावलाचे वर्णन केले; ते पाऊल वाचकापर्यंत पोहोचले असेल याची मला खात्री नाही. चित्रफितींतून नक्कल मिळते, पण प्रेक्षागृह मिळत नाही. फितीवरचा हशा कोठून कोठे सरकला हे कळत नाही. म्हणजे जे गेले ते गेले. पण नेमक्या याच कारणासाठी हा अभ्यास पुढे ढकलता येत नाही. पुस्तके ग्रंथालयात वाट पाहू शकतात. सत्तरीच्या आसपास आलेला नकलाकार आणि त्याला ऑर्केस्ट्राच्या काळापासून ऐकत आलेला प्रेक्षक, हे वाट पाहू शकत नाहीत. ऑर्केस्ट्राच्या मंचावर दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत उभे राहून गेलेल्या किती नकलाकारांची नावेही आपण नोंदवली नाहीत! जॉनी लिव्हर निदान चित्रपटामुळे उरले. त्यांच्या बरोबरीच्यांचे काय झाले, हे सांगू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत. माझा विद्यार्थी त्यांच्यातल्या काहींना भेटून आला होता. त्याच्या टिपणवहीत त्या भेटी आहेत, आणि ती वही आता त्याच्या घरी पडून आहे. तो एका महाविद्यालयात ग्रामीण कादंबरी शिकवतो.

‘संहिता कुठे आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी आयुष्यभर निष्ठेने पुस्तके वाचली आहेत. पण त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी ते थांबले नाहीत. पाऊल उचलून प्रेक्षागृहातील शेवटचा माणूस हसेपर्यंत थांबण्याचा संयम सातवीपर्यंत शिकलेल्या एका नकलाकाराकडे आहे. आपल्या समित्यांनी निदान तेवढा संयम दाखवावा, आणि असा विषय पुन्हा समोर आला तर निर्णय देण्यापूर्वी एक प्रयोग पाहून यावा, एवढीच प्रस्तुत लेखिकेची मागणी आहे.